उचलता येईल तेवढीच बेगमी

नमस्कार मंडळी.

वैशाखाचं ऊन तापलंय. कुणाच्या अंगणात मिरची पसरलीय, कुणाच्या गच्चीवर शेवया, आणि राखायला बसवलेलं पोर सावलीला डुलक्या काढतंय. मृग निघायला आता चार आठवडेही नाहीत. म्हणून आज बोलायचंय ते पावसाळ्याच्या बेगमीबद्दल.

बेगमी म्हटलं की नव्या सुनांना हसू येतं. कोपऱ्यावर दुकान आहे, फोनवरून मागवलं की पिशवी दारात येते, मग घरात पोती कशाला रचायची? त्यांचं खोटं नाही. मी बेळगावात अनगोळला लेकीकडे जाते तेव्हा मीही तसंच मागवते. पण मला दोन्हीकडचा पाऊस ठाऊक आहे. माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वरच्या अंगाला. तिथं पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेलं मीठसुद्धा पाझरतं. आणि सासर निपाणीकडचं, वेदगंगेच्या काठचं. माहेरी पाणी वरून छळतं, सासरी खालून येतं.

सासरचं आधी सांगते, कारण ते मला महागात पडलं.

२०१९ चा ऑगस्ट. नागपंचमीच्या सुमाराची गोष्ट. वेदगंगा, दूधगंगा पात्र सोडून शिवारात शिरल्या होत्या, यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता बंद पडला. आमच्या मधल्या खोलीत शंभर किलोची दोन पोती तांदूळ, एक पोतं शाळू आणि एक पत्र्याचं पिंप भरून गहू. मोठ्या हौसेनं भरलेलं. घरात त्या रात्री माणसं किती? मी, आत्याबाई आणि दहावीतली पुतणी. मालक कागलला अडकलेले. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आम्ही तिघी तांदळाच्या पोत्याला भिडलो. शंभर किलोचं पोतं, जिन्यापर्यंत कसलं, जागचं हललं नाही.

शेवटी पुतणीनं उशांचे अभ्रे काढले. पोत्याची शिवण विळीनं कापली आणि शेराच्या मापानं आम्ही अभ्रे भरत गेलो. सात अभ्रे माळ्यावर गेले. तोवर पाणी पोटऱ्यांपर्यंत. बाकीचं सगळं सोडून आम्ही वर चढलो. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर पोती फुगून उसवली होती आणि खोलीभर आंबूस वास. शेजारणीनं सांगितलं, धुऊन वाळव, जनावरांना तरी घाल. मी नाही घातलं. पुराच्या पाण्यात गटार असतं, संडासाच्या टाक्या असतात, मेलेली जनावरं असतात, शेतातलं औषध असतं. ते धान्य वाळवून चांगलं होत नाही. खड्डा काढून पुरलं. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा पाणी आलं, पण तोवर आम्ही शहाण्या झालो होतो.

शहाणपण एवढंच, की घरात असणाऱ्या सगळ्यांत अशक्त माणसाला उचलून जिना चढता येईल, त्याच वजनात धान्य ठेवायचं. आमच्याकडे तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे असतात ना, तेच मी वापरते. सोड्यानं दोन वेळा धुतले, उन्हात कडक वाळवले, की एका डब्यात बारा-तेरा किलो तांदूळ बसतो. आता हिशेब करू. मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून चारशे ग्रॅम धान्य धरा. पाच माणसांना दिवसाला दोन किलो, पंधरा दिवसांना तीस. म्हणजे तीन डब्यांत पंधरा दिवसांचं धान्य. त्याच्या जोडीला साडेचार-पाच किलो डाळ, दोन लिटर तेल, मीठ, गूळ. एवढं जूनच्या पहिल्या आठवड्यात माळ्यावर गेलं पाहिजे. चार महिन्यांचं बाकीचं खाली कोठीत राहू दे, गेलं तर हळहळ वाटेल पण उपास पडणार नाही.

आणि पूर आला की चूल पेटत नाही हे विसरू नका. लाकडं भिजलेली, गॅसची गाडी रस्त्यापलीकडे. म्हणून न शिजवता खाता येईल असा एक डबा वेगळा. आपल्या भागाला इथं कुणी शिकवायला नको. ज्वारीच्या कडक भाकऱ्या आठवडेच्या आठवडे टिकतात, मात्र हवा लागता कामा नये, नाहीतर त्या वातड होतात. शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, चुरमुरे, फुटाणे, गूळ. घरात लहान मूल असेल तर दुधाची पावडर. आमची पुतणी त्याला पुराचा डबा म्हणते आणि दर महिन्याला पूर नसताना त्यातले फुटाणे संपवते. संपवू दे. महिन्याला नवे भरले जातात, ते बरंच आहे.

पाणी मात्र चारी बाजूंनी असतं आणि प्यायला नसतं. माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरा आणि वीस लिटरचे कॅन भरून माळ्यावर ठेवा, महिन्याला बदला. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. ते पाणी नंतर उकळायलाच हवं, निदान आरोग्य खात्याकडून मिळणारी क्लोरीनची गोळी तरी टाकायला हवी. जुलाब लागले तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. मीठ अंदाजानं टाकू नका, मोजून टाका.

आता माहेरच्या गोष्टीकडे येते. पूर काठच्यांना येतो, ओल मात्र सगळ्यांच्याच घरात येते.

धान्य किड्यांनी जातं असं आपण म्हणतो. खरं तर ते आधी ओलीनं जातं, किडा मागून येतो. भात, गहू, ज्वारी यांच्यात शेकडा बारा भागांपर्यंत पाणी असलं तर ती नीट राहतात. चौदाच्या वर गेलं की बुरशीचं फावतं. पण शेकडा बारा घरी कसं ओळखायचं? आमची आई दाणा दाढेखाली धरायची. कट्ट वाजला तर ठेवणीचा, दबला तर पुन्हा उन्हात. माझ्या दाढा आता त्या कामाच्या राहिल्या नाहीत, म्हणून मी मिठाची खूण करते. काचेची कोरडी बरणी घ्या, त्यात तव्यावर भाजून गार केलेलं बारीक मीठ दोन चमचे टाका, वर दोन मुठी धान्य. झाकण लावून दोन मिनिटं हलवा आणि पाच-दहा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर धान्य ओलं आहे. मोकळं खाली पडलं तर भरायला हरकत नाही.

आणि भरताना धान्य गार हवं. हे मी एका वर्षी तूरडाळ घालवून शिकले. गच्चीवर दिवसभर तापलेली डाळ, संध्याकाळी पाहुणे आले म्हणून घाईनं गरमच पिंपात ओतली आणि झाकण घट्ट लावलं. आषाढात उघडते तर झाकणाच्या आतून थेंब लोंबताहेत, आणि वरची चार बोटं डाळ हिरव्या-पांढऱ्या ढेपाळात बसलेली. गरम डाळीनं सोडलेली वाफ गार झाकणाला लागली, तिचं पाणी झालं आणि ते पुन्हा डाळीवरच पडलं. तेव्हापासून वाळवण सावलीत रात्रभर सुती कापडाखाली निवू देते आणि सकाळी भरते.

खानापूरकडची एक सवय सगळ्यांनी उचलण्यासारखी आहे. आमच्याकडे वर्षाचा तांदूळ कुणी ठेवत नसे, वर्षाचं भात ठेवत. कणग्यात सालासकट भात, आणि महिन्या-दोन महिन्यांचं तेवढं कांडून आणायचं. सालाचं चिलखत असलं की टोक्याला, म्हणजे तांदळातल्या सोंडेच्या किड्याला, आत शिरणं जड जातं. पांढऱ्या तांदळात तो सोंडेनं दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो. म्हणून वरून स्वच्छ दिसणारा तांदूळ महिन्याभरानं अचानक चालायला लागतो. लोक म्हणतात दुकानदारानं फसवलं. अंडं आतच होतं, त्याला तरी कुठं दिसलं होतं! येळ्ळूरच्या, शहापूरच्या शिवारातलं भात घरात येत असेल तर ही सोय अजूनही आहे. नाचणी असेल तर प्रश्नच मिटला. इतका बारका दाणा, की टोक्याला आत घर करायला जागाच नाही. नीट वाळवलेली नाचणी वर्षानुवर्षं राहते.

कडधान्याचा भुंगेरा वेगळा. तो शेतातूनच शेंगेवर अंडी घेऊन येतो, त्यामुळे चवळी, मूग, मसूर मळणीनंतर लगेच कडक उन्हात घालायला हवेत. अख्खं कडधान्य तो आधी धरतो, डाळीच्या वाटेला कमी जातो. म्हणून घरचे मूग-तूर असतील तर बियाण्यापुरते अख्खे ठेवून बाकीची डाळ करून घ्या. अख्खंच ठेवायचं तर किलोला चमचाभर गोडंतेल किंवा एरंडेल हातानं चोळा. दाणा निसरडा झाला की अंडं त्याच्यावर नीट टिकत नाही.

कडुलिंबाचा पाला घालणाऱ्यांना एकच विनंती. तो सावलीत वाळवून कुरकुरीत झालेला हवा. हिरवा पाला डब्यात घातला की आपण आपल्याच हातानं ओल आत ठेवतो.

आणि एक गोष्ट जरा कठोरपणे सांगते. गोदामात वापरतात त्या विषारी वायूच्या गोळ्या काही ठिकाणी घरातल्या धान्याला घालतात. चिंधीत बांधून पोत्यात सारायच्या, की झालं काम. त्या गोळीला हवेतला दमटपणा लागला की तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. त्याच खोलीत झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. ती गोळी राहत्या घरात आणायचीच नाही. थोडीशीसुद्धा नाही, ओसरीवरसुद्धा नाही. हवा बंद केली तरी किडा मरतो. डबा काठोकाठ भरा, झाकणाच्या फटीवर मेण किंवा चिकटपट्टी लावा आणि महिनाभर उघडू नका. आतली हवा किडेच संपवतात आणि तिथंच गुदमरतात. अर्धा भरलेल्या डब्यात हे जमत नाही, एवढं लक्षात ठेवा.

भुईमूग शेंगेतच राहू द्या, लागतील तसे दाणे काढा. काढताना पिवळट-हिरवी बुरशी दिसलेला, सुरकुतलेला, कडू दाणा बाजूला टाका. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन भाजून जात नाही, उकळून जात नाही, आणि ते यकृताला धरतं. "म्हशीला घालते" म्हणाल, तर म्हशीकडून ते दुधात उतरतं.

मसाल्याचं मी फार बोलत नाही, कारण त्यात प्रत्येक घर स्वतःला शहाणं समजतं. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला, हे भांडण आमच्या घरात पन्नास वर्षं चाललंय. एवढंच सांगते, की मिरचीचं देठ काढून झाल्यावर पुन्हा एक ऊन द्या. देठाजवळ ओल दबा धरून बसते. बरणीत हिंगाचा खडा तळाला, तोंडाला दादरा, आणि चमचा कोरडा.

डब्यांवर मी खडूनं महिना लिहिते. नवा डबा मागे, जुना पुढे. आत्याबाईंना अक्षर दिसत नाही म्हणून त्यांनी स्वतःची रीत काढलीय, जुन्या डब्याच्या कडीला लाल दोरा. दोरा सुटला की तो डबा रिकामा झाला आणि पुढच्याला दोरा बांधायचा. माझ्या खडूपेक्षा ती रीत बरी, पावसात पुसली जात नाही.

समोरच्या काचेपलीकडून हात हलतोय, वेळ झाली म्हणायची. एक राहिलं. चिक्कोडीकडच्या एका ताईंनी पत्रातून विचारलं होतं, की हुलगे दरवर्षी पोखरतात, तेल लावलं तर आमटीला वास येतो, काय करू? ताई, हुलग्याला राख. शेणीची, कपडछान केलेली आणि पूर्ण गार झालेली. हुलगे उन्हातून काढून रात्रभर निवू द्या, मग डब्यात एक थर हुलगे, वर राखेची भुरभुर, असं काठापर्यंत भरत जा आणि सगळ्यात वर दोन बोटं नुसती राख. काढताना सुपात पाखडा, दोन पाण्यांनी धुवा. राखेला वास नाही. या आठवड्यात ऊन चांगलं आहे, उद्याच वाळत घाला.

नमस्कार.