सूर्याचं चित्र आणि वाऱ्याचा बाण

पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय छापलाय, ‘पक्षी वसंताच्या आधीच का येतात?’ विषय मीच कळवला होता, त्यामुळे कुरकुर करायला जागा नाही. त्यावर बोलणार आहे, शब्द देते. पण त्याआधी माझ्या वर्गात बसून गेलेल्यांना दोन मार्कांचा एक प्रश्न. मागच्या तीन रांगांत बरेच ओळखीचे चेहरे दिसताहेत, आणि तेव्हाही ते मागच्याच तीन रांगांत असायचे. टीप लिहा : मिस्ट्रल.

बघा, अजून पाठ आहे! ‘फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून भूमध्य सागराकडे वाहणाऱ्या थंड व कोरड्या वाऱ्यास मिस्ट्रल असे म्हणतात.’ फॉन, चिनूक, बोरा, सिरोक्को आणि घरचा म्हणून आपला लू. ‘स्थानिक वारे’ हा धडा मी ३१ वर्षं शिकवला. त्यातला एकही परदेशी वारा माझ्या अंगाला लागला नव्हता. एकदा एका मुलाने मिस्ट्रलच्या टिपेत शेवटी लिहिलं होतं, ‘हा वारा सुटला की माणसे वेडी होतात.’ मी लाल गोल केला, समासात ‘विषयाला धरून लिहा’ असं लिहिलं आणि अर्धा मार्क कापला. तो मुलगा आज इथे असेल तर त्याने कार्यक्रमानंतर मला भेटावं. अर्ध्या मार्काचं देणं आहे.

झालं असं, की मुलीच्या बाळंतपणासाठी मी फेब्रुवारीच्या अखेरीस माँपेलिएला गेले. फ्रान्सच्या दक्षिणेला, समुद्रापासून दहाएक किलोमीटरवरचं शहर. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, बाळासाठी जुन्या धोतराची दुपटी आणि त्या दुपट्यांच्या मधोमध गुंडाळलेली माझी दुर्बीण. विमानतळावरच्या माणसाने दुर्बिणीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अळिवाच्या पुडीपाशी मात्र तो पाच मिनिटं अडला. बिया कसल्या, कशासाठी, पेरणार आहात का? ‘बाळंतिणीची खीर’ हे खुणांनी सांगून बघा कधी. खीर जमते, बाळंतीण जमत नाही.

आता ‘वसंत’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? पळस, आंब्याचा मोहर, कोकीळ, आणि खाली कोरडी पडलेली नदी. आपला वसंत झाडावर असतो, जमिनीवर नसतो. तिकडे नेमकं उलट. भूमध्य सागरी हवामानात पाऊस हिवाळ्यात पडतो, हेही तुम्ही पाठ केलंय, पण त्याचा अर्थ मला तिथे चिखलात पाय रुतल्यावर कळला. मार्चमध्ये तिथली डबकी काठोकाठ भरलेली, गवत पोपटी, बदामाचा बहर नुकता ओसरलेला. उन्हाळ्यात तीच जमीन पिवळीठक्क होते. म्हणजे त्यांचा मार्च हा आपल्या आश्विनासारखा. पाऊस सरत आलाय, ओल अजून आहे, आणि किडामुंगी उदंड. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. शेवटाला वेळ उरला तर.

तर दुपारी बाळ आणि बाळंतीण झोपली की मला तीन तास मोकळे. आणि माँपेलिएची मौज अशी, की तिथे ट्रामने रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला जाता येतं. तीन नंबरची ट्राम पेरोल नावाच्या गावाशी संपते. तिथून थोडं चाललं की ‘एतां द लॉर’ लागतं, म्हणजे सोन्याचं तळं. खाऱ्या पाण्याचं, उथळ, समुद्राला लागून. अशा तळ्यांची माळ तिथून पूर्वेला ऱ्होनच्या मुखापर्यंत, कामार्गपर्यंत जाते. आणि त्यात गुलाबी ठिपके. आपल्या मायणीला, येरळवाडीला येतो तोच मोठा रोहित, जात एकच. मात्र हे पक्षी ते नव्हेत. ‘म्हणजे आपलेच पक्षी तिकडे गेलेले दिसले का हो?’ असं मला आल्यापासून निदान पंधरा जणांनी विचारलंय. नाही हो. आपल्याकडचे रोहित कच्छच्या रणात वीण करतात. कामार्गचे बरीच वर्षं तिथल्या फांगासिए तळ्यातल्या बेटावर करायचे. ते बेटसुद्धा माणसांनी १९७० मध्ये मुद्दाम बांधून दिलं. पक्ष्यांनी चार वर्षं त्याकडे बघून विचार केला आणि १९७४ पासून अंडी घालायला लागले. सरकारी वसाहतीत राहायला जाण्याआधी आपणही एवढा विचार करतोच.

मार्चच्या सुरुवातीला त्यांची कवायत चालू असते. पाचपन्नास जण दाटीने उभे राहतात, माना ताठ करून एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे, मग कुणीतरी पंख उघडून आतला लाल-काळा रंग दाखवतो की बाकीचे दाखवतात. जोडीदार निवडण्याचा वधूवर मेळावाच तो. पण हे बारमाही बिऱ्हाड. मला हवे होते आफ्रिकेतून येणारे, सहारा आणि वर सातशेएक किलोमीटरचा समुद्र ओलांडून त्या किनाऱ्याला पहिल्यांदा पाय टेकणारे.

जावयांनी फोन उघडला. सूर्याचं हसरं चित्र, १६ अंश. ‘आई, आज मस्त हवा आहे, या जाऊन.’ गेले. मऊ ऊन, दक्षिणेची झुळूक. रोहित होते, शेकाट्ये होते, नवा पाहुणा एकही नाही. दुसऱ्या दिवशी सूर्याचं चित्र, नवा पाहुणा नाही. तिसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी जावई फार अदबीने म्हणाले, ‘आई, ते बहुतेक एप्रिलमध्ये येत असावेत.’ जावयाचं बोलणं, खोडून काढता येत नाही.

त्या रात्री खिडक्यांच्या झडपा आपटायला लागल्या. आधी पावसाची एक सर येऊन गेली, मग नुसता वारा. बाळ रात्रभर जागं, म्हणून आम्ही सगळेच जागे. सकाळी फोन बघितला, तर पुन्हा सूर्याचं चित्र! अगदी तेच, हसरं. आभाळही खरंच निळंभोर, ढगाचा ठिपका नाही. फरक एकच होता. त्या चित्राच्या खाली बारीक अक्षरांत वाऱ्याचा बाण असतो, आपण कुणी बघत नाही तो. काल तो वर टोक करून होता, आज खाली.

मी त्याच साडीवर निघाले. इथल्या बायकांना सांगते, पाचवारी साडीचं शीड होतं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली उभं राहिलेल्यांना थोडी कल्पना येईल, पण तो वारा सोडून देतो, मध्येच श्वास घेतो. हा घेत नाही. पदर एकीकडे, मी दुसरीकडे, दुर्बीण डोळ्याला लावली तर डोळ्यांत पाणी. आणि तळ्याच्या बांधापाशी पोहोचले तर बांधाच्या आडोशाला, जमिनीवर, माळभिंगऱ्या बसलेल्या! तारेवर नव्हे, जमिनीवर. अंग फुगवून, एकमेकींना चिकटून, कुंपणाच्या सगळ्यात खालच्या तारेला, पायवाटेवर, झाऊच्या झुडपांच्या मुळाशी. मी दोनशेपर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. २० ग्रॅमचा जीव हो! आपल्या डिंकाच्या लाडवाहून हलका. त्या उडत नव्हत्या, कारण गारठ्यात किडे उडत नाहीत, मग उडून करणार काय? गाडीतळावर एका उभ्या व्हॅनखाली हुदहुद, तुरा मिटून, गिऱ्हाईक नसलेल्या दुकानदारासारखा. त्या दुपारी दीड तासात मी जे पाहिलं ते आधीच्या तीन दिवसांत मिळून पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात एक आजोबा कुत्र्याला घेऊन आले. खरं म्हणजे वारा दोघांना घेऊन आला. माझ्याकडे, साडीकडे, दुर्बिणीकडे बघून ते ओरडले, ‘मिस्त्राल!’ आणि बोट कानशिलाशी नेऊन गोल गोल फिरवलं. आता ते वाऱ्याबद्दल सांगत होते की माझ्याबद्दल, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण तो कापलेला अर्धा मार्क मला त्या क्षणी आठवला.

हा वारा होतो कसा? अटलांटिकच्या बाजूला, बिस्केच्या उपसागरावर जास्त दाब, इटलीच्या अंगाला जिनोआच्या आखातावर कमी दाब. मधली थंड हवा दक्षिणेकडे धावते आणि आल्प्स व मासिफ सेंट्रालचं पठार यांच्यामधल्या चिंचोळ्या खोऱ्यात कोंडते. नळीच्या तोंडावर बोट धरलं की पाणी कसं चिरकांडीसारखं सुटतं, तसं. ताशी १०० किलोमीटरच्या वरही जातो. लोक म्हणतात तीन, सहा किंवा नऊ दिवस वाहतो, तिथल्या म्हाताऱ्यांचा पाढा तिनाचाच. कामार्गच्या गुराख्यांची जुनी बोरूने शाकारलेली घरं पाहा, उत्तरेकडची भिंत गोल, खिडकीशिवाय, आणि दार दक्षिणेला. सगळं घर वाऱ्याकडे पाठ करून बसलेलं.

या किनाऱ्याला पर्यटनवाले बारा महिने उबदार म्हणतात. जानेवारी १९८५ मध्ये तिथली तळी गोठली आणि सुमारे ३,००० रोहित मेले. उबदार!

आता माझा मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं सांगतेय. ते तीन दिवस पक्षी येत नव्हते असं नाही. येत होते, माझ्या डोक्यावरून! दक्षिणेचा वारा पाठीशी, अंगात थोडी चरबी शिल्लक, कशाला उतरतील किनाऱ्यावर? उंचावरून थेट आत, ऱ्होनच्या खोऱ्यात. चौथ्या दिवशी वारा तोंडावर आला, आणि पहिली जमीन दिसताच ते पडले. हो, पडलेच. जे पोहोचले ते मला दिसले, समुद्रात राहिले त्यांची मोजदाद कोण करणार? म्हणजे पक्षीनिरीक्षकाचा भाग्याचा दिवस हा पक्ष्यांचा सगळ्यात वाईट दिवस असतो. आपण आनंदाने वहीत आकडे लिहितो, जरा अवघडायला होतं, पण लिहितो.

मोठे पक्षी समुद्राच्या वाटेलाच जात नाहीत. करकोचे, घारी, गरुड गरम हवेच्या झोतावर तरंगत वर चढतात, आणि समुद्रावर तसे झोत उठत नाहीत. म्हणून ते जिब्राल्टरला जातात, तिथे समुद्र जेमतेम १४ किलोमीटर. आपल्या माळावर दिसतो तो सापमार गरुड, त्याचे इटलीतले भाईबंद तर कमाल करतात. आफ्रिका समोर दक्षिणेला, पण हे आधी उत्तरेला निघतात, फ्रान्सचा किनारा, मग स्पेन, मग जिब्राल्टर. साताऱ्याहून कऱ्हाडला जायला कुणी पुण्यावरून...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? सात. बरं. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता.

पक्षी वसंताच्या आधीच का येतात? एक, जागेसाठी. बऱ्याच जातींत नर आधी येतात. जो आधी येतो त्याला चांगली जागा, ज्याला चांगली जागा त्याला जोडीदार. आठ दिवस आधी येण्यात मरणाचा धोका आहे, आठ दिवस उशिरा येण्यात निर्वंश राहण्याचा. दोन्हींच्या मधली तारीख निसर्ग दरवर्षी नव्याने घासून काढतो, आणि वारा ती दरवर्षी चुकवतो.

दोन, मघाशी लक्षात ठेवा म्हटलं ते. भूमध्य सागराकाठची ओल उन्हाळ्यापर्यंतचीच. ज्यांना तिथेच वीण करायचीय त्यांना उशीर परवडत नाही. याचा नमुना म्हणजे ठिपकेवाला चातक. नाव मी ठेवलंय, तो आपल्याकडे नसतो, पण चातकाचा सख्खा चुलतभाऊ, एकाच कुळातला. आफ्रिकेतून फेब्रुवारी-मार्चमध्येच हजर! आपला चातक सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, हा मॅगपाय नावाच्या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्याच्या घरट्यात, आणि मॅगपायचा संसार लवकर सुरू होतो. परक्याच्या घरी जेवायचं तर त्याच्या वेळेला जावं लागतं. खायला काय? पाइनच्या झाडावरून रांगेने उतरणाऱ्या केसाळ अळ्या, ज्यांना बाकीचे पक्षी सहसा तोंड लावत नाहीत. मी एकदाच पाहिला, बदामाच्या फांदीवर, पाठमोरा. तुरा बघून पोटात कालवलं हो, घरचं माणूस भेटल्यासारखं.

तीन, आणि हे मला नीट अर्धा तास मांडायचं होतं. आपला चातक आफ्रिकेतून येतो तो नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या सोबतीने. अमूर ससाणे नोव्हेंबरच्या सुमाराला आपल्याकडून निघून अख्खा अरबी समुद्र ओलांडतात, तेही पाठीवर वारा घेऊन. म्हणजे पक्षी आणि वारा ही जोडी आपल्या जुन्या माणसांना ठाऊक होती. चातक दिसला की पाऊस, इतकं साधं. आपण त्याला कवितेत नेऊन बसवलं, चोच वासून थेंबाची वाट बघायला लावलं, आणि आभाळ बघायचं सोडलं. आज सहलीला निघताना कुणी वाऱ्याची दिशा बघतं का? ‘पाऊस नाही ना?’ एवढंच बघतात. पक्ष्यांच्या नोंदी ठेवता, उत्तम. तारीख लिहिता, वेळ लिहिता, संख्या लिहिता. त्याच ओळीत वाऱ्याची दिशा लिहायला चार अक्षरं पुरतात. माझ्या २२ वर्षांच्या वह्यांमध्ये ती नाही. भूगोलाच्या बाईंच्या वह्यांमध्ये! आता त्या नोंदी घेऊन बसले, तर अमुक दिवशी येरळवाडीला पट्टकादंब हंस एकाएकी का वाढले, दुसऱ्या दिवशी का नव्हते, याला माझ्याकडे उत्तर नाही. आकडे आहेत, वारा नाही.

संपवते, संपवते. घड्याळ माझ्याकडे सरकवू नका, मला दिसतंय.

रविवारची येरळवाडीची गाडी वाचनालयाच्या दारातून पहाटे साडेपाचला सुटेल. डबा आपापला. आभाळ आलं, वारा सुटला, तर सहल रद्द झाली समजून पांघरूण ओढून घेऊ नका. मी तर त्या दिवशी पाचलाच येऊन उभी राहीन. साडी नेसून नाही.