कपातली कॉफी आणि खुनाची वेळ

मी सहा वर्षं एका पोलिसी मालिकेवर कंटिन्युइटी सांभाळली. म्हणजे फाईल कुठल्या हातात होती, शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं की उघडं, कपात कॉफी कुठपर्यंत होती हे सगळं लिहून ठेवायचं, फोटो काढून ठेवायचे, आणि पुढचा टेक किंवा आठवड्याने होणारा त्याच सीनचा उरलेला भाग तसाच्या तसा जुळवायचा. म्हणून मला बोलायला बोलावलं तेव्हा विषय काय घ्यायचा हा प्रश्न पडलाच नाही. पोलिसी मालिकांमधल्या चुका पकडणारे प्रेक्षक, यांच्याबद्दलच बोलायचं. सेटवर या लोकांचा विषय निघाला की नाकं मुरडली जातात, इतका रिकामा वेळ मिळतो कसा यांना, कपातली कॉफी मोजत बसतात वगैरे. मला ते कधीच पटलं नाही आणि का पटलं नाही तेवढंच आज सांगायचंय.

आधी कॉफीचं बघू. शूटिंग काही गोष्टीच्या क्रमाने होत नाही हे तुम्हाला माहीत असेलच, पण किती उलटसुलट होतं याची कल्पना बाहेरून येत नाही. इन्स्पेक्टरच्या केबिनचा सेट लागला, लाईट लागले, की तीन-चार भागांमधले केबिनचे सगळे सीन एकाच दिवसात उरकायचे, त्यामुळे सकाळी खुनी सापडलेला असतो आणि दुपारी खून व्हायचा असतो. मग एकाच सीनचा आधी मास्टर शॉट, म्हणजे सगळा सीन एकत्र टिपणारा, मग याचा क्लोजअप, मग त्याचा क्लोजअप, प्रत्येकाचे पाच-सात टेक, आणि कलाकार बोलता बोलता सहज एक घोट घेतो, पुढच्या टेकला घेत नाही. एडिटर पहिलं वाक्य तिसऱ्या टेकचं उचलतो, दुसरं सातव्याचं, आणि पडद्यावर कप आपोआप भरतो न् रिकामा होतो. गंमत म्हणजे एडिटरला हे दिसत असतं, तरी तो ते जाऊ देतो. वॉल्टर मर्च नावाचा फार मोठा फिल्म एडिटर आहे, त्याने कट कुठे करायचा हे ठरवताना कशाला किती वजन द्यायचं याचे चक्क टक्के मांडलेत, भावनेला ५१ टक्के, गोष्टीला २३, आणि जागेच्या सलगतेला, म्हणजे कोण कुठे उभं आहे वगैरेला, फक्त ४. सातव्या टेकमध्ये आईचा आवाज खरोखर फाटला असेल तर कप भरलेला असो नाहीतर रिकामा, सातवाच टेक लागणार. माझ्या वहीत लाल पेनने चूक लिहिलेली असायची आणि तरी मला ते मान्य असायचं.

शिवाय बहुतेकांना ते दिसतही नाही. १९९७ मध्ये डॅनियल लेविन आणि डॅनियल सायमन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी फिल्म बनवली, दोन बायका टेबलाशी बसून बोलतायत, बस एवढंच. त्यात मुद्दाम नऊ बदल घातले, स्कार्फ गायब, प्लेटचा रंग वेगळा, असे. दहा जणांना दाखवली तर एकालाच काहीतरी बदलल्यासारखं वाटलं, तेही धड सांगता आलं नाही. मग आता बदल शोधा असं सांगून पुन्हा दाखवली, तरी सरासरी दोनच सापडले. म्हणजे ज्यांना हे दिसतं त्यांची नजर साधी नाही हो, ती सवयीने कमावलेली आहे.

आणि ही सवय लावली कुणी? आपणच लावली. माझं म्हणणं इथेच आहे. एखाद्या प्रेमकथेत कपातली कॉफी वाढली तर ती नुसती कॉफी वाढली. पण पोलिसी मालिकेत पहिल्याच सीनला आपण कॅमेरा ॲशट्रेवर नेतो, उलटी पडलेली खुर्ची दाखवतो, अर्धवट प्यायलेला कप दाखवतो आणि प्रेक्षकाला सांगतो की बघ, नीट बघ, यात काहीतरी आहे. मग तो नीट बघतो. त्याला दिसतं की कप आधी डावीकडे होता आणि आता उजवीकडे आहे, तो चमकतो, मनात टिपून ठेवतो, की मधल्या वेळात खोलीत कुणीतरी येऊन गेलं असणार. चाळीस मिनिटं तो त्या कपाची वाट बघतो आणि शेवटी कळतं की कप स्पॉटबॉयने पुसताना सरकवला होता. त्या माणसाने वेळ फुकट घालवला असं मी म्हणू शकत नाही. आपण खेळायला बोलावलं आणि तो मनापासून खेळला.

कोलंबोचं उदाहरण सांगते. लॉस एंजेलिसचा तो पोलीस लेफ्टनंट, १९६० साली टीव्हीवर पहिल्यांदा आला. त्याचं पहिलं नाव मालिकेत कधीच उच्चारलं नाही, ते मुद्दाम होतं. पण १९७१ च्या एका भागात तो ओळखपत्र दाखवतो आणि त्याचा क्लोजअप आहे, क्षणभरच, आणि त्यावर सही आहे फ्रँक कोलंबो. आर्टवाल्यांपैकी कुणीतरी केलेली सही असणार ती. ही सही चाहत्यांनी पॉज करून वाचली. याच नावावरून एक कोर्टकेसही झाली हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एका ट्रिव्हियाच्या, म्हणजे फुटकळ माहितीच्या, कोशात लेखकाने नक्कल करणारे सापडावेत म्हणून मुद्दाम खोटं नाव पेरलं होतं, फिलिप. ते नाव ट्रिव्हियल परस्यूट या खेळाच्या प्रश्नांत सापडलं आणि त्याने १९८४ साली ३० कोटी डॉलर्सचा दावा ठोकला, कोर्टाने तो फेटाळला. खोट्या नावावर कोर्टात एवढं सगळं झालं आणि एक नाव पडद्यावर त्याच्याही आधीपासून पडून होतं, नीट बघणाऱ्याची वाट बघत.

आता याच्या बरोबर उलटं उदाहरण. बीबीसीची लाइन ऑफ ड्यूटी, पोलिसांमधलाच भ्रष्टाचार शोधणाऱ्या टीमची गोष्ट. त्यात एक अज्ञात म्होरक्या मेसेज पाठवत असतो आणि मेसेजमध्ये 'डेफिनेटली' या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं असतं. बघणाऱ्याला सहज वाटावं की टायपिंगची चूक आहे, ग्राफिक्सवाल्याने घाईत केली. २०२१ साली सहावा सीझन आला आणि तीच चूक पुरावा ठरली, त्याच स्पेलिंगवरून माणूस सापडतो. कोण ते सांगत नाही, कुणी पाहिली नसेल अजून. माझ्या दृष्टीने हे सगळ्यात सुंदर काम आहे, कारण चूक कुठली आणि धागा कुठला यातला फरक त्यांनी इतका बारीक ठेवला की ज्याने स्पेलिंगवर बोट ठेवलं त्याच्या नजरेचा मान राहिला. पण असं करायचं तर बाकीच्या शंभर ठिकाणी तुमचं स्पेलिंग बरोबरच हवं. जिथे सगळीकडेच निष्काळजीपणा असतो तिथे मुद्दाम केलेली चूक कुणाला ओळखू येणार?

फ्लॅशबॅकचा घोळ असाच असतो. साक्षीदार जबाब देतो, आपण तो प्रसंग दाखवतो, त्यात मारेकऱ्याचा कोट करडा आहे. दुसऱ्याच्या जबाबात तोच कोट काळा. हे मुद्दाम केलं की चुकून झालं? मी एक साधी कसोटी लावते, भाग संपेपर्यंत मालिकेतल्या एकातरी पोलिसाला तो फरक दिसला का. दिसला तर ते लेखन, नाहीतर वॉर्डरोबचा गोंधळ.

एक सांगायचं राहिलं, एकच कलाकार वेगळ्या भूमिकेत परत येतो तेही लोक पकडतात. लॉ अँड ऑर्डर या अमेरिकी पोलिसी मालिकेत एस. एपाथा मर्कर्सन ही अभिनेत्री पहिल्या सीझनमध्ये मुलगा गमावलेली आई होती आणि १९९३ पासून त्याच मालिकेत लेफ्टनंट. यावर कुणी रागवत नाही, उलट लोक प्रेमाने सांगतात. चाहत्यांना सगळ्याच चुका सारख्या वाटत नाहीत, त्यांच्याकडेही तारतम्य असतं.

कंटिन्युइटीचा प्रश्नच मुळातून काढून टाकायचा एक मार्ग आहे, कटच करायचा नाही. आपल्या सीआयडीने २००४ साली १११ मिनिटांचा एक भाग सलग एका शॉटमध्ये केला. तिथे दोन टेक जोडायचेच नव्हते, कप हलला तर सगळ्यांसमोर हलणार. पण दर आठवड्याला असं कोण करू शकणार, आणि दुसरं म्हणजे एका शॉटमध्ये केलं तरी कथेतलं भोक बुजत नाही.

तर आता ती भोकं. यात मात्र मी चाहत्यांशी थोडी भांडते. पात्राने मूर्खासारखा निर्णय घेतला, एकटीच अंधाऱ्या गोडाऊनमध्ये शिरली, हे भोक नाही, माणसं असं करतात. एखादी गोष्ट सांगितलीच नाही, हेही भोक नाही. भोक म्हणजे मालिकेनेच आधी जे सांगितलं त्याच्याशी नंतरचं जुळणं शक्यच नाही ते. आणि पोलिसी कथेत ही भोकं बहुतेक वेळा दोनच ठिकाणी पडतात, वेळेत आणि लॅबमध्ये.

लॅबचं म्हणाल तर अतिनील दिवा फिरवला की रक्त निळं चमकतं हे तुम्ही किती वेळा पाहिलंय? रक्त त्या दिव्याखाली चमकत नाही, उलट काळपट दिसतं. चमकतं ते ल्युमिनॉल फवारल्यावर, तेही अंधारात, फिकट निळं, अर्ध्या-एक मिनिटापुरतं, आणि ब्लीचनेसुद्धा तसंच चमकतं, म्हणून नुसत्या चमकण्यावरून हे रक्तच आहे असं कुणी जाणकार छातीठोकपणे म्हणणार नाही. बोटांच्या ठशांचं तसंच, कॉम्प्युटर टिंग वाजवून एक फोटो दाखवत नाही, तो जवळपास जुळणाऱ्यांची यादी देतो आणि मग तज्ज्ञ माणूस डोळ्यांनी एकेक रेषा ताडून बघतो. या चुका मी तशा माफ करते, वेळ वाचवायचा असतो. पण मृत्यूची वेळ माफ करत नाही. डॉक्टर वाकून बघतो आणि म्हणतो, रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी. असं कुणीच सांगू शकत नाही. मृत शरीर ताठायला साधारण दोन ते चार तासांनी लागतं, बारा तासांच्या आसपास पूर्ण ताठतं, दीड-दोन दिवसांत पुन्हा सैल पडतं, आणि हे सगळं खोलीतल्या तापमानावर, अंगावरच्या कपड्यांवर, माणसाच्या देहयष्टीवर बदलतं. डॉक्टर देतो तो अंदाज काही तासांचा असतो. मालिकेला दहा-वीस हवं असतं कारण संशयित दहा-दहाला दुसरीकडे होता असं दाखवायचंय, म्हणजे अख्खा उलगडा अशा एका आकड्यावर उभा राहतो जो मिळूच शकत नाही, आणि भिंतीवरच्या घड्याळाला लटकवलेली गोष्ट भिंतीसकट खाली येते.

ही भोकं पडतात कशी हे मी आतून पाहिलंय. लेखकाला अक्कल नसते असं अजिबात नाही, बहुतेकदा लिहिलेलं बरोबरच असतं. पण भाग ठरलेल्या लांबीत बसवायचा असतो आणि एडिटवर पहिली कात्री लागते ती समजावून सांगणाऱ्या सीनला, कारण त्यात कुणी पळत नाही न् कुणी रडत नाही. मग पुढच्या सीनमध्ये इन्स्पेक्टरला असं एक नाव ठाऊक असतं जे त्याला कुणी सांगितलंच नाही. कधी लक्षात आलं तर डबिंगमध्ये एखाद्या पाठमोऱ्या पात्राच्या तोंडी वाक्य घालतात, आणि चौकस प्रेक्षक तेही ओळखतो, आवाज जरा वेगळा लागतो आणि ओठ दिसत नाहीत.

आमच्या मालिकेला एका बाईंचं पत्र आलं होतं, ते सांगते आणि थांबते. एका भागात झटापटीत भिंतीवरचं घड्याळ पडून बंद पडतं, नऊ वाजून दहा मिनिटांनी. खुनी त्याच्या ऑफिसमधून बाहेर पडताना कॅमेऱ्यात दिसतो नऊ-पाचला. आणि भागाच्या सुरुवातीला हवालदार म्हणून गेलेला असतो की ऑफिस ते घर चाळीस मिनिटं लागतात. बाईंनी पट्टीने रेघा मारून तक्ता केला होता आणि खाली लिहिलं होतं, तुम्ही ज्याला पकडलंत तो पावणेदहाच्या आधी पोचूच शकत नाही, मग हा निर्दोष आहे का? मी माझ्या वह्या काढल्या. सीन एकतीस, शूट झालेला, त्यात घरातला नोकर सांगतो की ते घड्याळ कायम पाऊण तास मागे असायचं, म्हणजे खरी वेळ पाच कमी दहा. सीन लांबीसाठी कापला गेला होता आणि आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही की उलगडाच कापला गेला, माझ्यासुद्धा नाही, आणि ते माझं कामच होतं. मी त्यांना पत्र लिहून सगळा सीन सांगितला आणि माफी मागितली.

त्यांचं उत्तर आलं, चार ओळींचं. माफीबद्दल त्यात एक शब्द नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, म्हणजे सुरुवातीला तो नोकर पाणी घेऊन येतो तेव्हा भिंतीवर बघून मग स्वतःच्या मनगटावर बघतो, ते त्यासाठी होतं, मी तेव्हापासून विचार करत होते तो असं का बघतो. मी तो शॉट विसरून गेले होते. परत लावून बघितला, आहे, दोन सेकंदांचा, मागे, आउट ऑफ फोकस.