परसातले तळे आणि पाण्यातली क्षारता

(पहाट. परसातले तळे. पाण्यावर विजेरीचा उजेड.)

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीच्या वाटेवरच्या आमच्या घराच्या परसात हे तळे आहे. ते तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर खोल आहे, म्हणजे त्यात साधारण ६,००० लिटर पाणी मावते. आज त्यात सात कोई मासे, म्हणजे शोभेचे रंगीत कार्प, आहेत. एके काळी ते अकरा होते, आणि त्यांतले चार एका रात्रीत कसे गेले, हे नीट सांगता यावे म्हणूनच हे चित्रीकरण केले आहे.

दिवसातली पहिली तपासणी या वेळी करण्याला कारण आहे. रात्रभर मासे, पाणवनस्पती, शेवाळ आणि तळ्याच्या गाळणीतले (फिल्टरमधले) जिवाणू असे सगळेच प्राणवायू घेत असतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडत असतात. त्यामुळे उजाडण्यापूर्वी पाण्यातला प्राणवायू दिवसातल्या सर्वांत खालच्या पातळीवर गेलेला असतो आणि पाण्याचा सामू, म्हणजे ज्याला आपण सर्रास पीएच म्हणतो तो, उतरलेला असतो. ऊन वर आले की वनस्पती तोच कार्बन डायऑक्साइड शोषू लागतात आणि सामू पुन्हा चढतो. म्हणून तळ्याचा सामू सांगताना तो कोणत्या वेळी मोजला हे सांगितले नाही, तर त्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. काल दुपारी तीन वाजता तो ८.१ होता, आज पहाटे ७.६ आहे. आमच्या तळ्यात हा फरक साधारण अर्ध्या अंकाचा असतो. हिरवेगार झालेल्या आणि क्षारता कमी असलेल्या पाण्यात तो एका दिवसात दोन अंकांपर्यंतही जाऊ शकतो, आणि माशांना खरा त्रास या हेलकाव्याचा होतो.

(नळीतल्या नमुन्यात थेंब पडतात. रंग बदलतो.)

हे थेंब मोजतात ती क्षारता. क्षारता म्हणजे खारटपणा नव्हे, आणि पाण्याचा जडपणाही नव्हे. जडपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे येतो, तर क्षारता ही प्रामुख्याने बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांची शिल्लक असते. दख्खनच्या काळ्या कातळातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात बहुधा दोन्ही एकत्र सापडतात, त्यामुळे त्यांची गल्लत होणे साहजिक आहे. पाण्यात तयार होणारे आम्ल ही शिल्लक मुकाट्याने पचवत राहते; ती पुरेशी असेपर्यंत सामू फारसा हलत नाही, आणि ती संपत आली की तो एखाद्या रात्रीत कोसळतो. म्हणजे केवळ सामू पाहत बसणाऱ्याला संकटाची चाहूल फार उशिरा लागते.

ही शिल्लक खर्च कोण करते, याचे उत्तर खाद्याच्या डब्यापासून सुरू होते. आम्ही माशांना दिवसाला १०० ग्रॅम खाद्य घालतो आणि त्यात सुमारे ३५ टक्के प्रथिने असतात. मत्स्यपालनातल्या नेहमीच्या हिशोबाने त्यातून तीन ग्रॅमांहून थोडा अधिक अमोनियारूपी नायट्रोजन पाण्यात उतरतो, आणि त्यातला बराचसा माशांच्या कल्ल्यांवाटेच बाहेर पडतो. गाळणीतल्या दगडांवर आणि स्पंजांवर वाढलेल्या जिवाणूंचा एक गट या अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. माशांच्या दृष्टीने हे जिवाणू जीवनदाते आहेत, पण त्यांच्या कामाची किंमत पाण्याला मोजावी लागते: एक ग्रॅम अमोनियारूपी नायट्रोजन मार्गी लावताना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू आणि सात ग्रॅमांहून अधिक क्षारता खर्च होते. आमच्या तळ्यापुरता हा खर्च रोज प्रतिलिटर जवळजवळ चार मिलिग्रॅम क्षारतेचा आहे. भर पडली नाही, तर १५० मिलिग्रॅमची शिल्लक सव्वा महिन्याच्या आसपास संपते.

(पाऊस. छपराच्या पन्हळीचे पाणी थेट तळ्यात पडताना, जुने छायाचित्र.)

काही वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात नेमके हेच घडले. त्या वेळी छपराच्या पन्हळीचा पाइप आम्ही हौसेने तळ्यात सोडला होता. पावसाच्या पाण्यात क्षारता जवळजवळ नसते. तळ्यावर थेट पडलेला १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ६०० लिटर पाणी, हे एक वेळ चालले असते. पण ५० चौरस मीटर छपरावरचा तेवढाच पाऊस म्हणजे ५,००० लिटर पाणी. काही दिवसांच्या संततधारेत तळ्यातले मूळचे पाणी वाहून गेले, उरलीसुरली क्षारता जिवाणूंनी संपवली आणि सामू ६ वर आला. इतक्या उतरलेल्या सामूत या जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते, त्यामुळे अमोनिया साठत गेला. मासे तळाशी सुस्त पडून होते, पण जिवंत होते. पाणी खराब झाले आहे एवढेच आम्हांला कळले. मोठ्या काळजीपोटी आम्ही अर्धे तळे उपसले आणि बोअरच्या पाण्याने भरून घेतले. रात्री मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, आणि सकाळी चार मासे मेलेले होते.

याचा उलगडा मागाहून झाला. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन हे त्याचे रूप माशांना तुलनेने निरुपद्रवी असते, आणि मुक्त अमोनिया हे विषारी असते. त्यांचे परस्परांतले प्रमाण मुख्यतः सामू ठरवतो आणि काही अंशी तापमान. पाणी २५ अंशांवर असताना सामू ६ असेल, तर मुक्त अमोनिया हजारात एक भागही नसतो. सामू ८ झाला की तो शंभरात पाच भागांवर जातो, आणि ९ वर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक होतो. त्या सकाळी आणलेल्या टेस्ट किटवर एकूण अमोनिया प्रतिलिटर ३ मिलिग्रॅम आला आणि सामू ८. म्हणजे उपसण्यापूर्वी एकूण अमोनिया प्रतिलिटर ६ मिलिग्रॅमच्या घरात असणार. अर्धे पाणी काढून आम्ही अमोनिया निम्मा केला खरा, पण सामू वर नेऊन त्याचा विषारी भाग चाळीस पटींहून अधिक वाढवला. मुक्त अमोनिया प्रतिलिटर ०.०५ मिलिग्रॅमच्या पुढे गेला की कल्ल्यांना इजा होऊ लागते असे धरतात. आमच्या माशांच्या वाट्याला त्याच्या तिप्पट आला होता. ते पाणी स्वच्छ, नितळ दिसत होते, हे मला आजही विसरता येत नाही.

अशा वेळी खाद्य ताबडतोब थांबवावे, एअर पंप सतत चालू ठेवावा, रोज दहा टक्क्यांहून अधिक पाणी बदलू नये आणि एकूण अमोनिया उतरल्याखेरीज सामू चढवण्याची घाई करू नये.

(स्वयंपाकघर. वजनकाट्यावर खाण्याचा सोडा.)

एरवी क्षारता भरून काढायला स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा पुरतो. आमच्या ६,००० लिटरांत १०० ग्रॅम सोडा म्हणजे प्रतिलिटर सुमारे १० मिलिग्रॅम क्षारता. सोड्याचा एक मोठा गुण असा की तो सामूला साधारण ८.३ च्या पुढे ढकलत नाही. चुन्याचे तसे नाही. शेततळ्यांत चुना मारण्याची पद्धत आहे, ती ऐकून कोणी घरच्या तळ्यात चुन्याची निवळी ओततो; पण तिचा सामू १२ च्या वर असतो आणि एवढ्याशा पाण्यात मात्रा जराशी चुकली तरी ती माशांच्या जिवावर बेतते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची आपल्या घरांतली जुनी सवयही इथे टाळावी, कारण तुरटी गाळाबरोबर क्षारताही घेऊन जाते. गाळणीत समुद्रावरच्या शिंपल्यांची एक पिशवी मात्र आम्ही कायम ठेवतो. सामू उतरू लागला की शिंपले हळूहळू विरघळतात.

नळाच्या पाण्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. त्यातले क्लोरीन माशांचे कल्ले जाळते आणि गाळणीतले जिवाणूही मारते, आणि पावसाळ्यात टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, मात्रा वाढवली जाते, तेव्हा हा धोका अधिक असतो. म्हणून ते पाणी उघड्या पिंपात किमान २४ तास ठेवूनच वापरावे, आणि गाळणीचे स्पंज नळाखाली न धरता तळ्याच्याच पाण्यात खळबळावेत. नव्या गाळणीत जिवाणूंची वसाहत पुरती उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. ती एका धुण्यात घालवू नये.

(सकाळ. पन्हळीचा पाइप आता बागेकडे वळवलेला. बादलीत सोडा ढवळला जातो.)

आजची क्षारता ९० भरली आहे. आम्हांला ती १२० च्या आसपास हवी असते, म्हणून ३०० ग्रॅम सोडा लागेल, आणि तो तीन दिवसांत विभागून घालायचा आहे. पहिले १०० ग्रॅम बादलीभर तळ्याच्या पाण्यात पूर्ण विरघळले आहेत. ही बादली गाळणीतून जिथे पाणी परत पडते त्या धारेखाली सावकाश ओतली जाईल, आणि दुपारी तीन वाजता सामू पुन्हा मोजून वहीत लिहिला जाईल. ढग दाटले आहेत, त्यामुळे आज खाद्य निम्मेच घालायचे आहे.