पंचांग बघून खाडीवर

नमस्कार, श्रोतेहो.

नवी मुंबईत ऐरोलीला खाडीवर पक्षी बघायला जायचं असेल तर घड्याळाआधी पंचांग उघडा. कोकणातल्या जुन्या माणसांचं एक सोपं गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीत पाणी आतवर चढायला आणखी थोडा वेळ लागतो, तोही धरायचा.

हे मला ठाऊक होतं, तरी आम्ही उशिरा पोचलो. कारण माझी भाची. बारा वर्षांची. तिला गुलाबी पक्षी बघायचे होते, आणि गुलाबी पक्ष्यांसाठी गुलाबी टोपी हवी होती, ती सापडत नव्हती. धक्क्यावर होडीवाले काका म्हणाले, "ताय, पानी आपल्यासाटी थांबनार नाय." तरी त्यांनी घेतलं आम्हाला.

ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्य हे या जागेचं सरकारी नाव. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल यांच्यामधलं पाणी, चिखल आणि खारफुटी मिळून जवळजवळ सतरा चौरस किलोमीटर. एका काठाला मुलुंड, भांडुप, विक्रोळी. दुसऱ्या काठाला नवी मुंबई. लोकलमधून वाशीची खाडी ओलांडताना खिडकीतून जो हिरवा पट्टा दिसतो ना, आणि तेवढ्यात आपण मोबाईलकडे बघतो, तोच.

होडीवाल्याची खरी कसरत पाण्याची. पाणी कमी असलं तर होडी रुतते. जास्त असलं तर चिखल बुडतो, आणि चिखल बुडाला की रोहित उडून नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर जाऊन बसतात. मधली वेळ साधावी लागते. आमची साधली. लांबून आधी नुसती फिकट रेघ दिसली, मग तिला पाय फुटले. रोहित चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो. त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन पिसांना तो रंग चढतो. इथे एक कडू गोष्ट सांगून टाकते. पक्षी आले म्हणजे खाडी स्वच्छ झाली, असं समजू नका. शहराच्या सांडपाण्यावर शेवाळ माजतं आणि त्यावर हे थवे पोसले जातात, असंच बरेच अभ्यासक मानतात. तिवरांच्या, म्हणजे इथल्या खारफुटीच्या झाडांच्या, फांद्यांना लटकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या तर आम्ही मोजायच्याच सोडून दिल्या.

पण मला बोलायचंय ते तिवरांबद्दल. रोहित हिवाळ्यात येतात, पावसाच्या तोंडावर जातात. तिवर बारा महिने तिथेच. होडीतून उतरल्यावर किनारी व सागरी जैवविविधता केंद्राच्या आवारात खारफुटीजवळ जाता येतं, तिथे घाई करू नका. चिखलातून पेन्सिलींसारखी टोकं वर आलेली दिसतील, हजारोंनी. ती तिवराची मुळं. खालच्या चिखलात हवा नसते, म्हणून मुळंच श्वास घ्यायला वर येतात. पानाची खालची बाजू हळूच जिभेला लावून बघा, खारट लागेल. नको असलेलं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं. कांदळ हे खारफुटीतलंच दुसरं झाड, त्याची तऱ्हा वेगळी: त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, शेवग्याच्या शेंगेसारखं लोंबतं, मग खाली पडून चिखलात उभं रुततं. नाही रुतलं तर पाण्याबरोबर जाऊन दुसरीकडे संसार मांडतं. पांढरी चिप्पी हीसुद्धा खारफुटीच. तिची फुलं रात्री उमलतात आणि सकाळी गळून पडलेली असतात, त्यामुळे आपल्या राज्याचा कांदळवृक्ष, म्हणजे खारफुटीतला राज्यवृक्ष, म्हणून 2020 साली तिची निवड झाली तरी तिचं फूल पाहिलेला माणूस विरळाच.

2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड थांबवली आणि 2012 मध्ये खारफुटी सांभाळणारा राज्याचा कांदळवन कक्ष आला. त्याआधी कागदोपत्री ही बहुधा पडीक जमीन होती. कोळी माणसाला ती कधीच पडीक वाटली नाही. त्याची चिंबोरी, कोळंबी, बोईट यांची पिल्लं वाढतात ती याच मुळांच्या जाळीत.

ओहोटी लागली, पाणी मागे सरलं, आणि चिखल हलायला लागला. निवट्या! मासाच, पण पंखांवर रेलून चिखलात सरपटतो, अंग ओलं असेतो कातडीतून श्वास घेतो, मध्येच टुणकन उडी मारतो. आगरी-कोळी घरांत निवट्यांचं कालवण होतं, हे मी सांगितल्यावर भाचीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढची पाककृती गिळली. मग ती जी खाली बसली ती उठेना. एक निवटी दुसरीला हुसकावत होती, पाठीवरचा पर ताठ करून. बाजूला एकच नांगी मोठी असलेला इवलासा खेकडा ती नांगी हलवत कुणाला तरी बोलावत होता.

जाताना जुन्या चपला घाला, बरोबर पाणी घ्या. आणि होडीची वेळ आधी विचारून घ्या. ती रोज बदलते.

घरी आल्यावर भाचीच्या मोबाईलमधले फोटो बघितले. रोहितांचे चार. निवट्यांचे एकेचाळीस. गुलाबी टोपी मात्र खाडीतच राहिली असावी. नमस्कार.