उतरून येणाऱ्यांविषयी

(गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, ध्वनिमुद्रणावरून थोडं नीटनेटकं करून)

अध्यक्षबाई, वाचनालयाची सगळी मंडळी, आणि एवढ्या पावसातून छत्र्या सांभाळत आलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापला आहे, 'उंचीचं वेड: जीवघेण्या चढाईचं आकर्षण आणि धोके'. विषय मीच दिलेला आहे, तेव्हा त्यावर बोलणारच. पण सुरुवात कुळागरातून, म्हणजे माड-पोफळींच्या बागेतून करतो, कारण हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो पोफळीखाली उभा असताना.

त्याआधी एक प्रश्न. ज्यांच्याकडे पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, सांगितल्या दिवशी येतो, त्यांनी हात वर करा. (हशा) बघा, एकच हात वर आला, आणि तोही पंखा कमी करा असं सांगायला! चार-चार महिने आपण वाट बघतो. नारळ आपोआप पडायला लागतात, कौलं फुटतात, मग आपण एकमेकांना सांगतो की आता पाडेली मिळत नाहीत हो. का मिळत नाहीत, ते मी सांगणार आहे.

आमच्या कुळागरात एक काका यायचे. माडावरही चढायचे, पोफळीवरही. कमरेला आकडी, आकडीत कोयता, पायांत काथ्याच्या दोरीचं कडं. पोफळ तुम्ही सगळ्यांनी बघितली आहे. पन्नास-साठ फूट उंच, आणि जाडी आपल्या मांडीएवढीसुद्धा नाही. काका सरसर वर जायचे, शेंड्याखाली पाय घट्ट आवळून बसायचे, घोस कापून दोरावरून खाली सोडायचे. आणि मग झुलायला लागायचे. पहिला झोका लहान, दुसरा जरा मोठा, तिसऱ्या-चौथ्याला पोफळ अशी वाकायची की शेजारच्या पोफळीचं खोड हाताशी यायचं. एक क्षण एक हात हिला, एक हात तिला, आणि मधे माणूस. मग पहिली सुटायची, मागे जाऊन थरथरत राहायची, आणि काका दुसरीवर पोचलेले असायचे. सकाळी वर गेलेला माणूस कितीतरी पोफळी करून मगच जमिनीला पाय लावायचा. यात हौसेचा भाग अजिबात नव्हता. प्रत्येक पोफळीला चढ-उतर केली तर दुपारपर्यंत दंडात जीव राहत नाही, म्हणून ही युक्ती.

मी दहा वर्षांचा असेन. खालून टाळ्या वाजवल्या. काका वरून असे ओरडले की मी घरात पळालो. काम आटोपून आले, आईने दिलेली पेज प्यायले आणि मला जवळ बोलावून म्हणाले, "चडूंक कोणाकूय येता. देंवूंक येवंक जाय." चढायला कोणालाही येतं, उतरायला यावं लागतं. मग समजावून सांगितलं. वर जाताना डोळे हातांच्या पुढे असतात, जिथे हात टाकायचा ते दिसतं. उतरताना पाय आंधळ्यासारखा खोड चाचपत खाली जातो. दंड दमलेले असतात. आणि मन? मन आपल्या आधीच खाली येऊन पेजेला बसलेलं असतं.

आता बघा, आपल्या मराठी मुलखात चढून जाणाऱ्यांच्या कथा खूप. सिंहगडचा कडा तर पाळण्यातच ऐकलेला. पण रायगडावर एक बुरूज उतरून गेलेल्या बाईच्या नावाने ओळखला जातो. संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, म्हणून कडा उतरून गेलेली हिरकणी. उतरणाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा दुसरा बुरूज मला तरी आठवत नाही. ज्या कोणा जुन्या माणसांनी ही कथा सांभाळली, त्यांना काकांचं म्हणणं कळलेलं होतं.

काका पडले ते मी शाळेत शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो त्या वर्षी. पहिले पाऊस होऊन गेले होते. सुपारी कुजवणारा कोळेरोग पडू नये म्हणून चुना-मोरचुदाची फवारणी चाललेली. खोडावर हिरवट बुळबुळीत थर धरलेला. वरचं सगळं काम झालं होतं, झोके झाले होते, शेवटची पोफळ ते उतरत होते. जमीन दोन पुरुष उंचीएवढी राहिली असेल, आणि पाय सुटला. मला आधी ऐकू आला तो कोयता दगडावर आपटल्याचा आवाज. धावत गेलो तर काका बसलेले होते. मोरचुदाने निळ्या झालेल्या हातांनी कंबर धरून बसलेले. तोंडातून शब्द नाही. मला आजही ते हात दिसतात.

पुढे तीस वर्षं मी मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं. पडणाऱ्या वस्तूचं गणित आलं की मी पुस्तकातला चेंडू सोडून पोफळ घ्यायचो. चार मीटरवरून सुटलेला माणूस जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग तासाला सुमारे ३२ किलोमीटर असतो. वीस मीटरच्या माडाच्या शेंड्यावरून सुटला तर दोन सेकंद लागतात आणि वेग ७१ किलोमीटर. दोन सेकंद. 'आई गं' म्हणायलाही पुरत नाहीत.

काका वाचले, पण पुन्हा झाडाला हात लावला नाही. मी त्यांच्यासाठी मदत मागायला एका कचेरीत गेलो. अर्जाची पहिलीच ओळ होती, पूर्ण नाव. मी पेन हातात धरून उभा. जन्मापासून ज्यांना काका म्हटलं, त्यांचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं! अजूनही ते आठवलं की माझी मान खाली जाते. परत गेलो, नाव विचारून आलो. दुसरी ओळ, मालकाचं नाव. आता मालक कोण? आमच्या घरचे चार दिवस, शेजारच्यांचे तीन, पलीकडच्या वाड्यावरचे दोन. 'मालकाचा दाखला आणा' म्हणून मला तीन वेळा परत पाठवलं, आणि चौथ्यांदा सांगितलं की यात बसत नाही. रोज साठ फुटांवर काम करणारा माणूस कशातच बसत नव्हता.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगितलं ते. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. माझाच एक जुना विद्यार्थी मोबाइलच्या टॉवरवर बिनदोराचा चढून गेला होता, शेंड्यावर उभं राहून व्हिडिओ काढला होता, आणि तो खूप लोकांनी बघितला म्हणून त्याचा सत्कार. शाल दिली, श्रीफळ दिलं. मुलाबद्दल माझ्या मनात राग नाही, गुणी मुलगा आहे. पण त्याच्या हातातला नारळ बघितला आणि मला राहवेना. तो नारळ ज्याने माडावरून उतरवला, त्याला या गावाने कधी शाल दिली?

कार्यक्रम संपल्यावर मुलाला बाजूला घेतलं आणि एकच विचारलं, "अरे, उतरलास कसा?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "सर, ते व्हिडिओत नाही."

अर्ध्यावर त्याचे पाय कापायला लागले होते. एका लोखंडी पट्टीला मिठी मारून तो बसून राहिला. किती वेळ, त्याला माहीत नाही. घाम एवढा की पट्टी हातातून निसटत होती. मी म्हटलं, हे का नाही दाखवलंस? म्हणाला, "ते कोण बघणार, सर?"

मंडळी, माझं सगळं व्याख्यान त्या एका वाक्यात आहे. आपण बघतो तो खेळ शेंड्यावर संपतो. माणसाची खरी परीक्षा तिथून सुरू होते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अध्यक्षबाई, आठातच आटपतो.

तर कबूल केलेला विषय. उंचीची ओढ खोटी नाही, विकृती तर नाहीच. कड्यावर उभं राहिलं की पोटात गोळा येतो आणि तरी पाय एक पाऊल पुढे जातो, हे तुम्हीही चापोऱ्याच्या किल्ल्यावर अनुभवलं असेल. भीती ओलांडून परत आलं की जो हलकेपणा येतो, तो दुसऱ्या कशात नाही. अमेरिकेतल्या अॅलेक्स होनॉल्ड या कडे चढणाऱ्याचा मेंदू शास्त्रज्ञांनी तपासला. भीतीची चित्रं दाखवली तरी मेंदूतला अमिग्डला नावाचा भाग, जो भीतीने जागा होतो, त्याचा शांतच राहिला. ३ जून २०१७ ला हा माणूस योसेमिटीतला एल कॅपिटन हा कडा दोराशिवाय चढला. ३ तास ५६ मिनिटांत. कडा सुमारे ९०० मीटर, आपला दूधसागर एकावर एक तीन वेळा ठेवा. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोक सांगतात ते असं की त्याआधी वर्षभराहून अधिक काळ त्याने ती वाट दोर लावून पुन्हा पुन्हा घोटली होती. आणि २०१६ च्या शरदात तो बिनदोराचा निघाला, थोडं चढला, आज मन नाही असं वाटलं आणि माघारी फिरला. मला तो माघारी फिरण्याचा दिवस जास्त मोठा वाटतो. फ्रान्सचा आलँ रोबेर जगभरच्या इमारती बिनदोराचा चढला, पण २०११ मध्ये बुर्ज खलिफावर त्यानेही दोर लावला.

आणि दुसरीकडे चीनचा वू योंगनिंग. २६ वर्षांचा. नोव्हेंबर २०१७, चांगशा शहरातली ६२ मजली इमारत. कॅमेरा समोर लावून तो काठाला लोंबकळला, दोनदा अंग वर खेचलं, आणि मग परत वर येता येईना. चढून तो कधीच गेला होता. परत यायची ताकद उरली नव्हती. २०१९ मध्ये बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने, ज्या मंचावर त्याचे व्हिडिओ चालायचे त्यालाही काही अंशी जबाबदार धरलं आणि त्याच्या आईला ३०,००० युआन द्यायला लावले. रक्कम किरकोळ आहे, पण दाखवणाऱ्याचाही हात त्यात असतो, एवढं तरी मान्य झालं. बघणाऱ्यांचं काय, म्हणजे तुमचं-माझं?

आपल्या देशाचा आकडा ऐका. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये बातम्या गोळा करून मोजणी केली. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात जगभरात सेल्फी काढताना २५९ माणसं गेली. त्यातली १५९ भारतातली. सगळी उंचावरून पडलेली नव्हेत, पाण्यात बुडालेली जास्त आहेत. पण फोन समोर धरला की परतीची वाट डोळ्यांआड जाते, हे सगळीकडे सारखंच.

मुलांना चढू नका म्हणून सांगितलं तर ऐकणार नाहीत. मी सांगतही नाही. दोर लावून शिका, उतरायला आधी शिका, आणि व्हिडिओ काढायचाच तर पाय जमिनीला लागेपर्यंत काढा.

दोन मिनिटं राहिली. नारळ विकास मंडळाची 'केरा सुरक्षा' नावाची अपघात विमा योजना आहे, माडावर चढणाऱ्यांसाठी. काकांच्या वेळी ती नव्हती. हप्त्यातला मोठा भाग मंडळच भरतं. आपल्या भागातल्या किती पाडेलींनी ती घेतली आहे, ते मी घरोघर विचारत फिरतो आहे. बाहेर चपलांच्या मांडणीजवळ एक वही ठेवली आहे. ज्यांच्या माडांवर कोणी चढतो, त्यांनी जाताना त्याचं नाव आणि वाडा लिहून जा. अर्ज भरायचं काम मी करतो. फक्त 'पाडेली' असं लिहू नका. पूर्ण नाव लिहा, आणि माहीत नसेल तर आज घरी जाताना वाटेत त्याच्या दारात थांबून विचारा.