एक स्क्रू उरला तर

श्रोतेहो, नमस्कार.

घरात सात-आठ वर्षांचा लॅपटॉप असतो. बटण दाबून चहाचं आधण ठेवावं, तर चहा गाळून आणला तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतंच असतं. अशा यंत्राचं दुखणं बहुधा एकच असतं, आतली फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी, चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली की लॅपटॉप पुन्हा माणसात येतो. काम तासाभराचं, घरी जमण्याजोगं.

आधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. लेनोवो, डेल, एचपी यांच्या बऱ्याच मॉडेलांची दुरुस्तीची पुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, तीही चाळा. रॅम, म्हणजे चालू कामापुरती माहिती धरणारी मेमरी, तीही वाढवायची असेल तर आधी बघून घ्या: काही पातळ लॅपटॉपमध्ये, मॅकबुक एअरमध्ये तर नेहमीच, ती बोर्डावरच डाखलेली असते. हे नवी रॅम विकत आणल्यावर कळून काय उपयोग?

लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसतं झाकण मिटलं की तो झोपतो, बंद होत नाही. चार्जर काढा. मागचं झाकण उघडलं की हात सगळ्यात आधी बॅटरीच्या जोडणीकडे गेला पाहिजे. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी बोर्डाला वीज पुरवतच असते, आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तेवढ्यात घसरलं तर बोर्ड जातो. जोडणी सुटली की चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज निघून जाते. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचललं गेलं असेल, तर ती टोकदार वस्तूने उचकटू नका. टोचली तर पेट घेते. तिथे सरळ कारागीर गाठावा.

आता स्क्रूंविषयी. माझा पहिला लॅपटॉप मी उघडला तेव्हा सगळे स्क्रू एका वाटीत टाकले. दिसायला सारखेच होते ना! परत लावताना लांब स्क्रू आखूड भोकात गेला. शेवटी जरा जड जात होता, मी आणखी एक पीळ दिला. लॅपटॉप उलटा करून बघतो तर टचपॅडशेजारी छोटं टेंगूळ! आतून प्लॅस्टिक फुगवून स्क्रू वर आला होता. तेव्हापासून मी कोऱ्या कागदावर लॅपटॉपची पाठ काढतो आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चिकटपट्टीने डकवतो. बाळबोध वाटेल, पण वाटीपेक्षा बरं.

कीबोर्डची चपटी पट्टी ओढू नका. ती जिथे शिरते तिथे नखाएवढं काळं किंवा पांढरं लॉक असतं. बहुतेक लॉक नखाने वर उचलली जातात, काही बाहेर सरकतात. लॉक सैल झालं की पट्टी आपोआप सुटते.

हिवाळ्यात अंधारात स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात, ती वीज चिपला मारते. आपल्याला झटका जाणवतो साधारण ३००० व्होल्टला, चिप त्याहून कितीतरी कमी व्होल्टला बिघडू शकते. पूर्वी नळाला हात लावा म्हणत, पण आता पाइपच प्लॅस्टिकचे. मनगटाला बांधायचा अर्थिंगचा पट्टा स्वस्त मिळतो, तो घ्या. आणि सतरंजीवर बसून हे काम नको.

रॅम घेताना जुनीवरचा मजकूर वाचा. लॅपटॉपच्या डीडीआर ३ या जुन्या पिढीच्या रॅमला २०४ पिना, पुढच्या डीडीआर ४ ला २६०, आणि खाचही वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर करू नका, चुकीची आणली आहे. बरोबर असेल तर ती तिरकी आत जाते आणि खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्कन लागतात.

झाकण घट्ट करण्याआधी बॅटरी जोडून एकदा चालू करून बघा. नवी रॅम ओळखायला काही यंत्रं वेळ घेतात, पडदा थोडा वेळ काळा राहील. मग बंद करून झाकण लावा. आणि शेवटी एक स्क्रू उरलाच, तर कागदाकडे बघा, तो कुठला ते तिथे दिसेल.