बारा टक्क्यांच्या आधी

[दृश्य: गोव्याच्या फोंडा तालुक्यातला एक वाडा, म्हणजे वस्ती. जूनचा पाऊस. माडांच्या रांगेत एक कौलारू घर, दारात सोपा.]

माझी आई भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात वाढली; भाट म्हणजे माडांची बाग. घर तिच्या बापानं बांधलेलं, घराखालची जमीन भाटकाराची. रात्री माडांची राखण करायची, पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, येऊन गेला की नारळ गोळा करून मोजून द्यायचे, भाटकाराकडे कार्य निघालं की बोलावण्याची वाट न बघता कामाला हजर व्हायचं. अशा कुटुंबाला गोव्यात मुंडकार म्हणतात. मुंडकाराला घराबाहेर काढता येऊ नये म्हणून कायदा झाला तो १९७० च्या दशकात. तोवर भाटकाराची मर्जी फिरली की डोक्यावरचं छप्पर गेलं.

आम्ही गावडे, गोव्यातल्या आदिवासी समाजांपैकी एक. घरात बोलणं कोंकणी, वहीत लिहिणं मराठी. पोर्तुगीज राजवटीतून मुक्ती झाल्यावर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारनं वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा काढल्या, त्यातल्याच एका शाळेत आई चौथीपर्यंत गेली. पुढची शाळा लांब होती आणि घरात धाकटी भावंडं होती. तिथं तिचं शिक्षण संपलं.

मला बारावीला अडुसष्ट टक्के होते. हा आकडा मी आधीच सांगून टाकते, कारण आरक्षणाचा विषय निघाला की तो विचारला जातोच. महाविद्यालयात पहिल्याच आठवड्यात एका शिक्षकांनी भर वर्गात विचारला होता. आकडा ऐकून ते "बरं, बरं" म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे वळले. वर्ग शांत होता. मी वहीच्या कोपऱ्यावरची शाई बोटानं पुसत बसले होते, एवढं अजून आठवतं.

त्यांनी दुसरं काही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. की आमच्या वाड्यावरून बारावी होणारी मी दुसरी मुलगी. की घरी अभ्यासाचं टेबल नव्हतं आणि शिकवणीला पैसे नव्हते. की प्रवेशाचा अर्ज कसा भरतात हे नात्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. अडुसष्ट हा आकडा या सगळ्यातून आला होता. ज्याला गुणवत्ता मोजायची आहे, त्यानं हेही मोजायला हवं.

[दृश्य: बांबोळी. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं आवार, सकाळची गर्दी.]

गोव्यात वैद्यकीय शिक्षण सुरू झालं १८४२ साली. पणजीत लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा, आलं १८५४ मध्ये. शिक्षण पोर्तुगीजमधून. ज्या घरात पोर्तुगीज बोलली जात होती, निदान ती शिकवणारा मास्तर ठेवता येत होता, त्या घरची मुलं आत गेली. घाटापलीकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. आमच्याकडे तेव्हा पोर्तुगीज राज्य होतं, आणि ते १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राहिलं. संविधानातली १५ आणि १६ ही कलमं, त्यातली मागासांसाठी खास तरतूद करण्याची मुभा, आमच्यापर्यंत आली ती त्यानंतर. गावडा, कुणबी आणि वेळीप या तीन समाजांना अनुसूचित जमातींच्या यादीत जागा मिळायला मात्र २००३ साल उजाडलं. शाहूंच्या हुकमानंतर एकशे एक वर्षांनी.

२०११ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींचे १,४९,२७५ लोक होते. लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून थोडे जास्त. त्यांच्यासाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत बारा टक्के जागा. यात हिंदू गावडे आहेत, १९२८ च्या शुद्धीकरणात ख्रिस्ती धर्मातून हिंदू धर्मात परतलेले नवहिंदू गावडे आहेत आणि ख्रिस्ती गावडेही आहेत, कारण जमातीच्या दाखल्याला धर्माची अट नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. देवळात जाणारा आणि इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, जाणारा, दोघांचे आजे एकाच शेतात चिखलात उभे होते, आणि ते कागदानं मान्य केलं.

"जन्मावरून काही मिळणं हेच चुकीचं," असं म्हणणारी माणसं भेटतात. त्यातली काही खरोखर मनापासून बोलतात, म्हणून त्यांना मी गोव्याचंच उदाहरण देते. गावकरीचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नाचा, जोण (वाटा) कुणाला मिळतो? गावकराच्या वंशजाला. देवळाचा महाजन कोण होतो? महाजनांच्या यादीत ज्याचं कूळ आहे तो. देवस्थानांचा १९३३ चा कायदा आणि कोमुनिदादींची, म्हणजे या गावकऱ्यांची, १९६१ ची संहिता, दोन्ही पोर्तुगीज काळातल्या, दोन्ही आजही चालू. जमीन, मान आणि पैसा, तिन्ही जन्मावरून शतकानुशतकं वाटले गेले. समुद्राचं पाणी अडवून खाजनं, म्हणजे बांधाआडची शेतं, उभी करणारे पहिले हात गावड्या-कुणब्यांचे होते असं जाणकार सांगतात. जुन्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, कितीतरी गावांत तेच लोक त्या यादीबाहेर राहिले, दुसऱ्याच्या जमिनीवर मुंडकार म्हणून. त्या वाटणीला कुणी आरक्षण म्हटलं नाही.

आणि डॉक्टर कच्चा निघेल ही भीती? आरक्षण प्रवेशाच्या दारापाशी आहे. आत गेल्यावर शरीररचनेचा पेपर एकच, प्रेत एकच, उत्तीर्ण व्हायचे गुण सगळ्यांना सारखे. साडेपाच वर्षांनी बाहेर येणारी मुलगी त्याच परीक्षा देऊन आलेली असते.

[दृश्य: दक्षिण गोव्यातलं बाळ्ळी. महामार्ग. दोन तरुणांच्या तसबिरी, झेंडूचे हार.]

२५ मे २०११. यादीत नाव येऊन आठ वर्षं झाली होती आणि हक्क अजून कागदावर होते. 'उटा' या आदिवासी संघटनांच्या आघाडीच्या हाकेवर लोक बाळ्ळीला रस्त्यावर बसले. त्या दिवशीच्या हिंसाचारात एका इमारतीला आग लावली गेली आणि मंगेश गावकर व दिलीप वेळीप हे दोन तरुण जळून गेले. दरवर्षी ही तारीख प्रेरणा दिन म्हणून पाळली जाते. मी त्या तसबिरींसमोर उभी राहते तेव्हा मला माझी नोकरी आठवते. पगाराची पहिली पावती आठवते.

माझ्या मुलीचं काय, हाही प्रश्न मला विचारतात, आणि तो रास्त आहे. तिच्याकडे टेबल आहे, पुस्तकं आहेत, अर्ज भरून देणारी आई आहे. काणकोण तालुक्यातल्या खोतीगावच्या आत, जंगलाच्या कडेला राहणाऱ्या वेळिपाच्या मुलीपेक्षा तिची वाट सोपी आहे. आधी त्या वेळिपाच्या मुलीचा नंबर लागावा असं मला वाटतं, आणि समाजाच्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा सगळ्यांना रुचलं नाही. गोव्यातले धनगर तर अजून या यादीत यायची वाट बघताहेत. पण रांग लांब आहे म्हणून दारच लावून घ्या, हे म्हणणं मला पटत नाही.

[दृश्य: पुन्हा तोच सोपा. संध्याकाळ. कंदिलाच्या खुंटीला आता विजेचा दिवा.]

जूनमध्ये माझ्या सोप्यावर कागद पसरलेले असतात. काल शेजारची मुलगी आईला घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती. एका कागदावर आडनाव गावडे, दुसऱ्यावर गौडे, त्यापायी दोघींना दोनदा परत पाठवलेलं. तळाशी पणज्याच्या जन्माची नक्कल, पोर्तुगीजमधली, घड्यांवर विरलेली. बापाच्या व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द: त्राबाल्यादोर.

"म्हणजे काय गो, मावशी?"

"मजूर."

मुलीनं तो शब्द पुन्हा एकदा हळूच वाचला. मग तिनं अर्ज पुढे ओढला आणि पहिल्या पसंतीच्या रकान्यात लिहिलं: वैद्यकीय. आई कागद परत पिशवीत भरत होती. विरलेली नक्कल हातात धरून तिनं मला विचारलं, "हो खाली दवरू?"

"वर ठेव," मी म्हटलं. "उद्या पहिला हाच मागतील."